तात्यांची आखूड गादी

आमचे शेजारी रंगनाथतात्या कुणाच्या घरी गेले की बसत नसत. आडवे होत.

पाहुणा आला की आपण "या, बसा" म्हणतो. यातलं 'बसा' तात्यांनी कधी मनावर घेतलं नाही. उंबऱ्याशी चपला काढायच्या, टोपी खुंटीला अडकवायची आणि घरधन्याला विचारायचं, "आंथरूण कुठं हाय तुमचं?" घरधनी बावचळून आतल्या खोलीकडे बोट दाखवी. तात्या आत जात. गादीवर आधी मूठ मारत, मग कोपर रोवत, मग उताणे, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या कुशीवर होत आणि डोळे मिटून घेत. बाहेर चहा उकळून उकळून काढा झालेला असे. घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत असत. अखेर आतून निकाल येई:

"भराव खचलाय!"

ही भाषा कालव्याची. तात्या कालव्यावर इन्स्पेक्टर होते. नीरेचा डावा कालवा बारामतीवरून इंदापूरच्या अंगाला जातो, त्याच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळणं हे त्यांचं काम. माणूस इतका उंच की सायकलवर बसला तरी लांबून उभाच वाटे. गादी त्यांना नेहमी कालव्यासारखी दिसे. मधे खोलगट झाली असेल तर भराव खचलेला, कापसाच्या गाठी झाल्या असतील तर गाळ साचलेला, शिवणीतून कापूस डोकावत असेल तर गळती. आमच्या घरच्या गादीला त्यांनी तिन्ही रोग सांगितले आणि वर, "दत्तोबा, ह्या गादीवर तू झोपतोस ह्यात तुझं कवतिक हाय, गादीचं न्हाय," असं प्रशस्तिपत्र दिलं. माझी बायको त्यानंतर कित्येक दिवस तात्यांना बघितलं की आतल्या खोलीला कडी घाली.

तो काळ आणे-पैशांचा. उसाला पाणी हवं असलेला बागायतदार कालव्याच्या माणसासाठी कोंबडी कापी, गुळाची ढेप सायकलच्या कॅरिअरला बांधून देई. तात्यांनी कुणाची कोंबडी खाल्ली नाही आणि कुणाच्या गुळाला हात लावला नाही. बागायतदार हात जोडून म्हणाला, "सायब, काय सेवा करू?" की हे विचारत, "तुमी कशावर झोपता?"

लाच न घेणारा अधिकारी लोकांना कळत नाही. कळंबकडच्या एका बागायतदाराला वाटलं, सरकारनं आता गादीवर कर बसवला. त्यानं घरातल्या सगळ्या गाद्या कडब्याच्या गंजीत लपवल्या आणि आठवडाभर सहकुटुंब जमिनीवर झोपला. तात्यांनी शेवटी गंजीत शिरून गादी तपासली आणि बाहेर येऊन अंगावरचा कडबा झटकत सांगितलं, "गंजी बरी हाय तुमची. गादी फेकून द्या."

त्यांनी काय काय तपासलं ते मी सांगू लागलो तर तुम्हाला झोप येईल, आणि ती कशावर घ्यायची हा प्रश्न उरेल. तरी थोडं सांगतोच. इंदापूरकडे एकानं उसाचं पाचट भरून गादी केली होती. तिच्यावर कूस बदलली की गुऱ्हाळातला चरक फिरल्यासारखा आवाज होई, आणि शेळीनं ती उशाकडून खायला सुरुवात केली होती. तात्या म्हणाले, "शेळीला कळलं, मालकाला न्हाय कळलं." सावरीच्या कापसाची गादी एका सावकाराकडे होती, तिच्यावर पडले तर तात्या दिसेनासे झाले. आतून आवाज आला, "ही गादी न्हवं, हा चिखल हाय. मला वर काढा." काथ्याच्या गादीनं पाठीवर असे वळ उठवले की वैद्याला गोवराची शंका आली. कालव्याच्या बंगल्यात गोऱ्या साहेबाच्या काळातली स्प्रिंगची खाट होती. तात्या तिच्यावर पडले, ती कुरकुरली. तात्या उठू लागले, तिनं त्यांना परत खाली घेतलं. कळंबजवळच्या साखर कारखान्यावर एका इंजिनिअरनं रबराची गादी आणली आहे असं कळल्यावर हे सायकल मारत तिथं गेले. आल्यावर मी उत्सुकतेनं विचारलं, "कशी आहे?"

"सायकलच्या ट्यूबवर निजल्यागत," तात्या म्हणाले. "रात्रभर वाटत ऱ्हाणार, कुठंतरी काटा घुसंल अन् हवा जाईल."

भिगवण स्टेशनात तर त्यांनी कहर केला. गाडीला उशीर होता. फलाटावर मुंबईकडचा एक जाडजूड गृहस्थ होल्डॉलवर, म्हणजे पट्ट्यांनी आवळलेल्या प्रवासी बिछान्यावर, बसला होता. तात्या त्याच्यापाशी गेले आणि अदबीनं म्हणाले, "जरा सोडता का? पडून बघतो." त्या गृहस्थानं स्टेशनमास्तरला हाक मारली. स्टेशनमास्तर धावत आले, तात्यांना बघून थबकले आणि त्या गृहस्थालाच म्हणाले, "सोडा हो. दोन मिनिटांचं काम आहे. आमची पण तपासून झाली."

आता तुम्ही म्हणाल, एवढा दर्दी माणूस, याची स्वतःची गादी कशी असेल? तिथंच तर गंमत आहे.

बारामतीत आमचं कापडाचं दुकान. गादीपाट, म्हणजे गाद्यांसाठी लागणारं ते जाड पट्ट्यापट्ट्यांचं कापड, तात्या आमच्याकडूनच नेत. आणि दर वेळी आखूड नेत. हा सहा फुटांच्या वरचा माणूस, आणि कापड मागायचा ते जेमतेम याच्या पोटरीपर्यंत पुरेल एवढं. पहिल्या वेळी मी म्हणालो, "तात्या, आणखी हातभर घ्या. पाय बाहेर राहतील."

तात्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "दत्तोबा, पाय न्हाय झोपत. झोपती ती पाठ."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. पिंजारी इमामभाई कापूस पिंजायला यायचे. त्यांच्या धनुकलीचा टणत्कार आमच्या दुकानापर्यंत ऐकू येई. तेही ओरडत, "तात्या, अवो पाय भाईर ऱ्हात्यात की! लोकं म्हनत्याल इमामनं कापड खाल्लं!" तात्या शांतपणे म्हणत, "पाय न्हाय झोपत इमामभाई. झोपती ती पाठ." पुढे इमामभाईंनी हा विषय सोडून दिला. शहाण्या माणसाशी वाद घालता येतो, तज्ज्ञाशी घालता येत नाही.

मग ती नवी गादी तात्यांच्या ओट्यावर पसरली जाई. तात्या तिच्यावर पडत. पोटरीपासून खालचे दोन पाय गादीबाहेर, ओट्याच्या कडेवरून लोंबकळत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडासमोर. आमच्या आळीतल्या न्हाव्याचं म्हणणं असं की तात्या पायांना वेगळ्या गावी पाठवतात. त्यातही आणखी गंमत: चार दिवस ओट्यावर, सगळ्यांच्या देखत, त्या गादीवर लोळायचं, आणि पाचव्या दिवशी सकाळी अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात तिला नावं ठेवायची.

"काय गादी हाय का काय! गाळ! नुसता गाळ! माझ्या पाठीचं वाटोळं केलं हिनं. घिऊन जा ही आत, माझ्या नजरंसमोर नको!"

ती गादी आत जाई. महिन्याभरानं तात्या पुन्हा आमच्या दुकानात हजर. "दत्तोबा, गादीपाट काढ. तेवढाच."

मी आमच्या गणेशोत्सवातल्या नाटकांतून कामं करणारा माणूस. रावणापासून पोलीस पाटलापर्यंत सगळं केलेलं. तात्यांची ही पाचव्या दिवसाची भाषणं मला तोंडपाठ झाली होती आणि मंडळींत मी ती हुबेहूब करून दाखवत असे. लोटपोट हसत लोक.

हसण्याला थोडी कडू किनार होती, तीही सांगतो. तात्यांच्या घरी तात्या, त्यांची बायको आणि त्यांची आई बयाक्का अशी तीन माणसं. तात्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. वहिनी तात्यांच्या कोपराला लागत. दोघं बाजारात निघाली की वाटे, खांबाला कुणी घागर टेकवून ठेवली आहे. या वहिनी कऱ्हेच्या घाटावर भरल्या घागरीसकट घसरल्या आणि पायरीवर कमरेनं आपटल्या. त्यानंतर वाकूनच चालायच्या. दळण, धुणं, भाकरी, सगळं वाकून. डॉक्टरांनी सांगितलं, पाठीखाली नीट आधाराचं अंथरूण हवं, फार मऊ नको, फार कडक नको. जमिनीवर निजाल तर कंबर अशीच राहील, कायमची. मी तेव्हा तिथंच होतो. वहिनींनी खाली बघून ऐकलं. उत्तर बयाक्कांनी दिलं.

"आमच्या कमरा काय कमी मोडल्या व्हय डॉक्टर? आमी कुठं गाद्या मागितल्या? मी अजून घोंगड्यावर निजती. सासू घोंगड्यावर अन् सून गादीवर, असं ह्या घरात न्हाय व्हायचं. बाईमाणूस गादीवर निजलं की घरातली लक्ष्मी निजती."

बयाक्कांचा कायदा सोपा होता. बरी गादी असेल तर ती पाहुण्यांची. ती पांढऱ्या चादरीत गुंडाळून माजघरातल्या फडताळावर ठेवायची आणि जावई आला की काढायची. त्याखालची गादी पुरुषमाणसाची. आणि पुरुषमाणसानं टाकून दिलेलं, फाटकंतुटकं जे काय असेल ते घरातल्या बाईचं. याला कुणी अन्याय म्हणत नसे. बयाक्काही याच कायद्यात वाढल्या होत्या, त्यांची सासूही. बारामतीतल्या निम्म्या घरांत हाच कायदा होता, आमच्याही.

तर बायको वाकलेली, आणि नवरा दुनियेच्या गाद्या तपासत फिरतो आहे. आळीला याहून चांगलं खाद्य कुठलं? न्हावी म्हणे, "तात्याची पाठ वहिनीला अन् वहिनीची कंबर तात्याला लावली असती तर देवाचा हिशेब जुळला असता." आम्ही हसायचो. तात्याही ऐकायचे. ओट्यावरून लोंबकळणारे पाय हलवत म्हणायचे, "लोकांना झोपंतलं काय कळतंय!"

आणखी एक खूळ राहिलं. नवी गादी टाकाऊ ठरून आत गेली की त्याच दिवशी तात्या चुन्याची बादली घेत आणि माजघराच्या भिंतीचा, स्वयंपाकघराच्या दाराजवळचा, हातभर तुकडा पांढरा करत. फक्त तेवढाच. बाकीची भिंत धुरानं काळवंडलेली आणि मधे एक लख्ख चौकोन. मग रोज सकाळी चहाची बशी हातात घेऊन तात्या ओट्यावरून मान वळवून आत त्या चौकोनाकडे बघत बसत. मी एकदा विचारलं, "तात्या, सगळी भिंत का नाही रंगवत?"

"सगळ्या भिंतीशी माझं काम न्हाय," तात्या म्हणाले.

मी मंडळींत सांगितलं, तात्यांनी आता भिंतही झोपवायला काढली आहे.

काही दिवसांनी त्या चौकोनावर डाग उठत. तात्यांचा चेहरा पडे. मग दुकानात येऊन, "दत्तोबा, गादीपाट काढ."

असं करता करता एका वर्षी, पावसाळा सरताना, त्यांनी एक अजब गादी करवून घेतली. खाली काथ्याचा पातळ थर. मधे मेंढपाळांकडून आणलेलं जुनं जेन, म्हणजे लोकर थापून केलेलं जाडसर अंथरूण, घडी घालून. वर दोनदा पिंजलेला देशी कापूस. आणि कमरेच्या जागेला टाके अगदी जवळजवळ, बाकी ठिकाणी लांब लांब. इमामभाईंनी कपाळाला हात लावला.

"तात्या, ही गादी हाय का पुरणपोळी?"

"इमामभाई, पुरण मधेच पायजे. कडंला गेलं की बिघडलं." तात्या स्वतः दाभण घेऊन टाके मोजत बसले होते. "कंबर बुडाय नको अन् टोचाय नको. बास. एवढंच मागणं हाय माझं दुनियेकडं."

लांबी तेवढीच. आखूड.

चार दिवस पाय लोंबकळले. पाचव्या दिवशी भाषण झालं, आणि या वेळचं भाषण मी आजवर ऐकलेल्यांत सर्वोत्तम होतं. तात्यांनी गादीच्या सात पिढ्या उद्धरल्या. "पुरणपोळी केली अन् तव्याला चिकटली! काढा ही अवदसा!" गादी आत गेली. भिंतीचा चौकोन रंगला. आम्ही वाट बघू लागलो, तात्या पुढच्या गादीपाटासाठी कधी येतात त्याची.

तात्या आलेच नाहीत. महिना गेला, दसरा गेला. सकाळी चहाची बशी घेऊन ते चौकोनाकडे बघत आणि चहा थंड होईपर्यंत नुसते हसत. मला वाटलं, संपलं. गाद्यांनी डोक्यावर परिणाम केला.

त्याच सुमाराला वहिनी नीट चालायला लागल्या. एके दिवशी अंगणात दोरीवर धुणं वाळत घालताना हात वर करून उभ्या दिसल्या, ताठ. आमच्या हिनं आनंदानं विचारलं तर बयाक्का म्हणाल्या, "शनिवारी मारुतीला तेल घालाय लावलं मी. गेली कंबर जाग्यावर." मारुतीला श्रेय मिळालं आणि आळी खूश झाली. तेल कुणी घातलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

दिवाळीच्या आधी बयाक्कांचा निरोप आला. ताबडतोब ये.

दुपारची वेळ. गेलो तर माजघरात बयाक्का पाटावर बसलेल्या, समोर भिंतीकडेला, स्वयंपाकघराच्या दाराजवळ, ती पुरणपोळी पसरलेली, आणि तात्या खांबाला टेकून उभे. कालव्याला भगदाड पडल्याची खबर आल्यावर ते जसे दिसत तसे दिसत होते.

"दत्तू," बयाक्का म्हणाल्या, "जावई येणार हायत दिवाळीला, इंदापूरवरनं. फडताळावरच्या गादीला उंदीर लागले. ही गादी मला बरी दिसती. हा म्हणतो टाकाऊ हाय. ह्याचं मला काय खरं वाटत न्हाय. तू कापडवाला, तुला कळतंय. पड बघू."

"आई, ती गादी न्हवं, गाळ हाय," तात्या घाईनं म्हणाले. "जावयाची पाठ मोडंल. आपली अब्रू जाईल."

"तू गप. तुझं झालं सांगून. दत्तू, पड."

मला काय, मी आनंदानं पडलो. तात्यांच्या गादीवर, तात्यांच्या देखत पडून निकाल द्यायचा! आयुष्यात असा सूड उगवायची संधी किती वेळा येते? मूठ मारली, कोपर रोवलं, सगळी नक्कल केली आणि उताणा झालो.

आणि काय सांगू तुम्हाला! कंबर अशी अलगद धरली त्या गादीनं, जशी आई लहान मुलाला पाण्यात धरते. बुडू देत नाही आणि टोचतही नाही. दुकानात उभं राहून राहून आमची पाठ म्हणजे लाकूड झालेली. ती सैल झाली. पापण्या जड झाल्या. माझ्या तोंडून आपोआप निघालं:

"वा! बयाक्का, काय गादी आहे! जावई सासरवाडीच सोडणार नाहीत!"

"म्हटलं न्हवं मी!" बयाक्का म्हणाल्या. "चढव रे रंगनाथा फडताळावर. धुतलेली चादर घाल तिच्यावर."

तात्या खांबाला टेकलेलेच राहिले. मी उठायला म्हणून कुशीवर वळलो, आधारासाठी हात लांब केला, तो भिंतीला लागला. बघतो तर हात त्या चौकोनावर. बरोबर मधोमध. या जागी निजलेल्या आणि कंबर आखडलेल्या माणसाला उठायचं असेल, तर हात तिथंच टेकावा लागणार, दुसरीकडे नाही. आणि कंबर आखडली नसेल तर टेकावा लागणारच नाही. तो चौकोन स्वच्छ होता. दसरा उलटून गेला तरी त्याच्यावर एक बोट उमटलं नव्हतं.

मी खाली बघितलं. मी बेताच्या उंचीचा माणूस, तरी माझेही घोटे गादीबाहेर होते. मग या घरात असं कोण होतं की ज्याचे पाय या गादीत मावतील?

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. ताठ. हातात पिठाची परात. गादीकडे बघत नव्हत्या. बघायची सोयही नव्हती. त्या तात्यांकडे बघत होत्या.

मंडळी, रंगभूमीवर नट वाक्य विसरला की घाम फुटतो. मला इथं दिलेलं वाक्य परत घ्यायचं होतं. मी पुन्हा धाडकन उताणा झालो आणि किंचाळलो.

"अगं आई गं!"

"काय झालं रं?" बयाक्का दचकल्या.

"टोचलं! बयाक्का, खालून काहीतरी टोचलं! काथ्या आहे का खिळे आहेत? अयाई! आणि हे काय, इथं गाठ! इथं दुसरी! बयाक्का, भराव खचलाय! गळती आहे! गाळ आहे!" मी कमरेला हात लावून, लंगडत, कण्हत उठलो. रावण पडतो तेव्हा मी एवढा कण्हलो नव्हतो. "या गादीवर जावई निजले तर दिवाळीचा फराळ दवाखान्यात द्यावा लागेल. तात्या म्हणतात ते खरं आहे. ही जावयाला नको, शत्रूला नको. टाका आपली... टाका अशीच कुणाच्या तरी अंगाखाली."

तात्या माझ्याकडे असे बघत होते, जसे आयुष्यात कुठल्याही गादीकडे बघितलं नसेल. वहिनींची परात थोडी वाजली.

बयाक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग लेकाकडे, मग दाराकडे. कितीतरी वेळ दाराकडे. मग गुडघ्यावर हात ठेवून, "आई गं" म्हणत पाटावरून उठल्या. उठताना त्यांनी भिंतीला हात टेकला. काळवंडलेल्या बाजूला.

"असू दे मग तिलाच," त्या म्हणाल्या. "जावई काय, दोन दिसांचा पाव्हना. सतरंजीवर निजंल."

मी सुटलो म्हणून चपला घालायला वळलो, तर मागून हाक आली.

"दत्तू."

"काय बयाक्का?"

"नाटकात कामं करतोस म्हणं गणपतीत?"

"हो."

"नको करत जाऊ. तुला येत न्हाय."

त्यानंतर तात्या लोकांच्या घरी जाऊन बसायला लागले. चक्क बसायला. चहा गरम असताना पिऊन जाऊ लागले. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. कळंबच्या त्या बागायतदारानं तर मुद्दाम निरोप पाठवला, "नवी गादी केलीया, सायब कवा येणार?" तात्यांनी उलट कळवलं, "माझी झोप झाली."

ते स्वतः कशावर निजत, हे मला पुढे कळलं. घोंगड्यावर. आईच्या शेजारी, खाली जमिनीवर. ओट्यावरचे ते चार दिवस सोडले तर हा माणूस सगळा काळ घोंगड्यावरच निजला होता.

बयाक्का गेल्या. तात्यांची नोकरीही संपली. एकदा भर दुपारी सहज म्हणून गेलो, तर तात्या माजघरात, त्या भिंतीकडेला, गाढ पहुडलेले. पुरणपोळीवर. मी थांबलो, कारण काहीतरी चुकत होतं. नंतर लक्षात आलं. पाय आत होते. संपूर्ण, अंगठ्यासकट.

वाकून पाहिलं. गादीला पायथ्याकडे हात-दीड हात जोड दिला होता. मूळची पट्टी तांबडी, जोडाची निळी. निळं कापड माझ्याच दुकानातलं. वहिनी ते "उशीला पायजे" म्हणून घेऊन गेल्या होत्या, आणि एवढी लांब उशी कुणाची, असा विचार करूनही मी विचारलं नव्हतं. टाके बारीक, जवळजवळ. आत नवा कापूस भरलेला.

माझ्या चाहुलीनं तात्यांनी डोळे किलकिले केले.

"तात्या, ही लांब कुणी केली?"

"तिनं," तात्या म्हणाले आणि उगाच मिशीवरून हात फिरवला. "म्हणती, मला आखूड पडती."

वहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवला आणि पदर सावरत तशाच आत गेल्या. उभे असते तात्या, तर अजूनही कोपरालाच लागल्या असत्या.

"पडत असेल," मी म्हणालो. "वय झालं की माणसं वाढतात."

तात्यांनी मूठ मारली नाही, कोपर रोवलं नाही, भराव तपासला नाही. नुसते डोळे मिटून घेतले. झोपले असं समजून मी चपला शोधू लागलो, तेव्हा पुटपुटले,

"दत्तोबा, पाय बी झोपत्यात रं."